बुधवारच्या रेघा

बॅटरी खोटं बोलत नाही, असं हल्ली लोक ऊठसूट म्हणतात. हे वाक्य माझ्या यंत्रामुळे रूढ झालं आणि ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्यांना वाटतं, एकदा खरं कळलं की काम संपलं. ते कुणाला तरी जाऊन सांगावं लागतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी हेमांगी पांचाळ. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बॅटऱ्या चिरत बसले. त्यातून जे यंत्र तयार झालं ते स्तरवाचक. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. लिथियमच्या बॅटरीत आतल्या ऋण पट्टीवर एक अतिशय पातळ साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. ही साय दिवसेंदिवस वाढत राहते. बॅटरी कधी भरली, किती तापली, कितीदा पार रिकामी झाली, याच्या खुणा तिच्यात एकावर एक साठत जातात. मी पट्टीचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यावर आयनांचा झोत सोडते. साय थराथराने उलगडते आणि पडद्यावर रेघा उमटतात. दोन रेघांमधलं अंतर मोजलं की मध्ये किती दिवस गेले ते सांगता येतं.

जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचं खरं वय कळावं, एवढाच माझा हेतू होता. पण दोन वर्षांत टॅक्सीवाले, विमावाले आणि वकील दारात रांग लावून उभे राहिले. गाडी सुट्टीच्या दिवशी जागची हलत नाही, असं शपथेवर सांगणाऱ्या एका नवऱ्याची बॅटरी कोर्टातून माझ्याकडे आली. दर शनिवारी ती कुठेतरी शंभर किलोमीटर जाऊन येत होती. तो संसार मोडला. मोडेना का, मला काय त्याचं, असं मी तेव्हा चहा पिता पिता म्हणाले होते. मोजमाप मोजमापाच्या जागी, अशी माझी ऐट होती.

माझा थोरला भाऊ भालचंद्र, म्हणजे आमचा दादा, विमानं दुरुस्त करायचा. मोठी नव्हेत, एकदोन माणसांची, सह्याद्रीच्या कुशीतल्या आंबेडोहच्या छोट्या धावपट्टीवरची. घाटातल्या लहान इस्पितळांना रक्त आणि सापाच्या विषावरचं औषध पोचवायला आधी ड्रोन वापरून पाहिले होते. ते तिथल्या वाऱ्यापुढे टिकेनात, म्हणून ही विमानं आली. त्यातलं चार नंबरचं विमान उडवायची केतकी, दादाची एकुलती एक मुलगी.

केतकी नऊ वर्षांची असताना वहिनी तापाने गेली. दादाने पोरीला एकट्याने वाढवलं. इंजिनाचा बारीकातला बारीक स्क्रू नेमका बसवणाऱ्या त्या माणसाला तिच्या दोन वेण्या कधी सारख्या घालता आल्या नाहीत. ती वैमानिक झाली तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले आणि मला फोन करून ढसाढसा रडला. आनंदाने रडतोय, असं मी समजले.

आता थोडं त्या विमानांविषयी. पूर्वीच्या छोट्या विमानांची इंजिनं स्वतःची ठिणगी स्वतःच निर्माण करायची, वीज गेली तरी चालू राहायची. नवी इंजिनं इथेनॉलवर चालतात. त्यांना ठिणगी अगदी नेमक्या क्षणी लागते, आणि तो क्षण संगणक ठरवतो. म्हणजे वीज गेली की ठिणगी गेली, ठिणगी गेली की इंजिन बंद. म्हणून प्रत्येक विमानात ठिणगीपुरती एक राखीव बॅटरी असते, साधारण जेवणाच्या डब्याएवढी. ती कुठल्याच तारेतून आपोआप भरत नाही. जमिनीवर असताना तंत्रज्ञ ती भरतो. मुख्य वीज तुटली तर तिने पंचेचाळीस मिनिटं इंजिन चालवलं पाहिजे, असा नियम. ती तेवढी टिकते का, हे वर्षातून एकदा तपासायचं. पूर्ण भरायची, भार लावायचा, घड्याळ लावून बसायचं, पंचेचाळीस मिनिटं झाली की थांबायचं आणि पुन्हा भरून जागेवर ठेवायची.

केतकीला चार नंबरचं विमान मिळालं त्या आठवड्यात दादाचा फोन आला.

"हेमे, बॅटरी चांगली हाय का नाही, हे बाहेरनं कळतं का गं?"

मी एका परिषदेतल्या भाषणावर शेवटचा हात फिरवत होते. "नाही कळत. आणि व्होल्टेजवर मुळीच विसंबू नकोस. या जातीची बॅटरी भरलेली असो की पाव, व्होल्टेज तेच दाखवते."

"मग कसं करावं?"

"भार लावून रिकामी करून बघायची. दुसरा उपाय नाही."

"बरं. ठेवतो," म्हणाला.

इतकंच बोलणं झालं. त्याने का विचारलं, हे मी विचारलं नाही. भाषण मात्र छान झालं.

पुढे केतकीने मला तिच्या बापाची एक गंमत सांगितली. "आत्या, बुधवारी दोन ते साडेतीन अप्पांना फोन लावू नकोस हं. वर्कशॉपचं दार आतून लावून घेतात. चक्क घोरत पडत असणार!" आम्ही दोघींनी त्याला पिडून पिडून बेजार केलं. दिवाळीला मी त्याला उशी भेट दिली. तो नुसता हसायचा. एकदा मी मुद्दाम बुधवारी अडीच वाजता फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, त्याने उचलला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता केतकी रक्ताच्या चार पिशव्या घेऊन आंबेडोहहून निघाली. देवघळच्या इस्पितळात बाळंत झालेल्या एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. उड्डाणाला नऊ मिनिटं झाली आणि मुख्य वीज गेली. एक तार घासून घासून तुटली होती. ठिणगी राखीव बॅटरीवर आली. मागे फिरली असती तर नऊ मिनिटांत घरी. पुढे देवघळ पंचवीस मिनिटांवर. तिचं हातातल्या छोट्या रेडिओवरचं बोलणं नोंदलेलं आहे. आवाज अगदी शांत आहे.

"चार नंबर. मुख्य वीज गेली, राखीववर आहे. पंचेचाळीस मिनिटं आहेत माझ्याकडे, अप्पांनी तपासलेली आहे. पुढे जाते."

राखीव बॅटरीवर आल्यापासून तेराव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. खाली सागाचं रान होतं आणि उतार होता. उतरायला जागा नव्हती.

त्या बाईला दुसरीकडून रक्त मिळालं, ती वाचली. केतकीला खाली आणल्यावर दादाने पहिल्यांदा त्या बाईचंच विचारलं होतं, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी दादा माझ्या प्रयोगशाळेत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. हातात विमानसेवा चालवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. बॅटरी नोंदीनुसार उत्तम होती, वार्षिक तपासणीत पास झाली होती. तेव्हा आधीच्या उड्डाणानंतर वैमानिकाने राखीव बॅटरीचं बटण चालूच ठेवलं असावं आणि त्यामुळे ती उतरली असावी. वैमानिकाची चूक, असं सरळ लिहिलं होतं.

"माझी पोर बटण विसरंल?" दादा म्हणाला. "घरातनं निघताना गॅस तीनतीनदा बघायची ती. मी हसायचो तिला."

"बस आधी. पाणी घे."

"ती तर गेलीच, हेमे. पण माणसं म्हणायला लागलीत, पोरीच्या गलथानपणानं झालं. तिच्या फोटोफुडं दिवा लावतो, तेव्हा मला त्येच ऐकू येतं. तुझ्या यंत्रात सगळं दिसतं म्हणतात. बघ की. एवढं माझं काम कर."

मी त्याच्या शर्टाची बटणं नीट लावून दिली. माझी खात्री होती की केतकी विसरलेली नाही. "बघते," म्हणाले. "शब्द देते तुला."

चौकशी अधिकारी इनामदार चार दिवसांनी बॅटरी घेऊन आले. मयत वैमानिक माझी भाची आहे, तंत्रज्ञ माझा सख्खा भाऊ आहे, हे मी आधीच लेखी कळवलं होतं.

"बाई, यंत्र एकच, चालवणाऱ्या तुम्ही एकट्या," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो. तुम्ही वाचा."

डबा एका बाजूने चेपला होता. आतली पट्टी मात्र शाबूत होती. झोत सुरू केला आणि साय उलगडू लागली. पहिली रेघ आली, मग दुसरी, तिसरी. तांब्याच्या रेघा होत्या त्या. बॅटरी ठरावीक मर्यादेच्या खाली पिळून काढली की आतल्या पत्र्यातलं तांबं थोडं विरघळतं, आणि पुन्हा भरताना भलत्या जागी जाऊन बसतं. ते साचत गेलं की बॅटरी आतल्या आत गळू लागते. भरल्या भरल्या तपासली तर पास होते. तशीच दोनतीन दिवस ठेवली तर फुटक्या माठासारखी निम्म्याहून जास्त रिती होते. व्होल्टेज मात्र जिथल्या तिथे दिसतं, त्यामुळे उड्डाणाआधीच्या तपासणीत काहीच कळत नाही.

रेघा संपता संपेनात. एकूण सत्तावन्न निघाल्या.

"वार्षिक तपासणीची एकच नोंद आहे, तीही पंचेचाळीस मिनिटांवर थांबवलेली," इनामदार म्हणाले. "म्हणजे सत्तावन्न वेळा बटण चालू राहिलं. कंपनी म्हणते ते खरंच दिसतंय. मुलगी निष्काळजी होती, दुसरं काय?"

मी रेघांमधली अंतरं मोजत होते. सात दिवस, सात दिवस, पुन्हा सात दिवस. मध्ये चार आठवड्यांचा एक मोकळा पट्टा, मग पुन्हा सात दिवस. आणि प्रत्येक रेघेच्या लगेच आधी बॅटरी पूर्ण भरल्याची खूण होती. बटण विसरणारं माणूस आधी बॅटरी काठोकाठ भरून मग विसरत नाही. कुणीतरी ती दर आठवड्याला व्यवस्थित भरून, भार लावून, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करत होतं. मी शेवटच्या रेघेपासून शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. तीन भरले.

बुधवार.

वर्कशॉपचं आतून लावलेलं दार, वाजत राहिलेला फोन, मी दिलेली उशी. भार लावून रिकामी करून बघायची, दुसरा उपाय नाही. माझंच वाक्य.

"मला दोन दिवस द्या," मी इनामदारांना म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दिले.

आंबेडोहच्या वाटेवर मी एक खोटं तयार केलं. चांगलं मजबूत खोटं होतं. तांबं कारखान्यातूनच आत आलं, पत्र्यात दोष होता, रेघा त्यामुळेच दिसतात. मी लिहिलं असतं तर इनामदारांनी मान डोलावली असती, कारण या विषयात मला खोडून काढणारं कुणी नव्हतं. केतकीचं नाव धुऊन निघालं असतं आणि दादाला कधीच कळलं नसतं. राज्यात अशी एकतीस विमानं होती आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी काळजी करणारा दादा असणार, हे मला कळत होतं. तरीही मी ते खोटं घट्ट धरून बसले होते. ज्यांना मोजमापापुढे नाती दिसत नाहीत अशा माणसांत मी माझी गणना करत आले होते, आणि घाट चढेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

दादा वर्कशॉपच्या पायरीवर बसला होता. चार नंबरच्या विमानाची जागा रिकामी होती. मी पडद्यावरचं चित्र कागदावर छापून आणलं होतं. कसं सुरू करावं याचा विचार करते तोवर त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावला.

"ह्या रेघा काय?"

"जितक्या वेळा बॅटरी पूर्ण रिकामी झाली, तितक्या रेघा."

त्याने मधल्या मोकळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"कावीळ झाली हुती तिला," म्हणाला. "महिनाभर घरात हुती. विमान उडलं नाही, म्हणून मीबी तपासली नाही."

त्याने बोट पहिल्या रेघेवर नेलं.

"सत्तावन्न हायेत न्हवं?"

"मोजल्यास?"

"मोजायला कशाला पायजे? सत्तावन्न बुधवार झाले." त्याने चष्मा काढला. "पुस्तकात वर्षातनं एकदा लिहिलंय. पण वर्षातनं एकदा बघून बापाला झोप लागती का, हेमे? पंचेचाळीस मिनिटं नियमाची. त्याच्याफुडं किती हायेत, ते मला ठाऊक असावं म्हणून मी ती पार मरेपर्यंत चालवायचो. पहिल्यांदा एकाहत्तर मिनिटं दिली हुती. खुळ्यासारखा एकटाच हसलो हुतो दार लावून. मग कमी व्हायला लागली. शेवटच्या बुधवारी बावन्न. नवी मागवावी असं लई वाटलं. पण कारण काय लिहू? चोरून तपासतो म्हणून लिहू? आणि बावन्न म्हणजे पासच की."

"दादा..."

"एक सांग. तिनं बटण चालू ठेवलं नव्हतं?"

"नाही. एकदाही नाही. हे मी कुठल्याही कोर्टात सिद्ध करीन."

त्याने डोळे मिटले. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं, आणि ते मला बघवेना. कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता.

"मग आपण तपासून तपासून मारली ती."

त्याने 'मी' म्हटलं नाही, 'आपण' म्हटलं. बॅटरीविषयी बोलतोय की केतकीविषयी, हे मी विचारलं नाही. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि वाटेत तयार केलेलं सगळं घडाघडा सांगून टाकलं. कारखान्याचा दोष, पत्र्यातलं तांबं, कुणाला कळणार नाही. "दादा, तिचं नाव साफ होईल. तुझंही येणार नाही. फक्त हो म्हण."

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग डोकं हलवलं.

"शेवटचं काय बोलली ती? अप्पांनी तपासलेली हाय. त्या भरवशावर फुडं गेली. मागं फिरली असती तर..." तो थांबला. "आता तिच्यामागं आणि खोटं नको गं. लिही. माझ्या नावानं लिही."

"पण तुला मीच सांगितलं होतं. भार लावून बघ, दुसरा उपाय नाही, असं मीच म्हणाले होते. ती झिजते हे सांगितलं नाही. मला घाई होती."

"तू सांगितलं त्यात चूक काय? मी एकदा बघून थांबायला पायजे हुतं." तो चित्राची घडी घालू लागला. एकच घडी चार चार वेळा नखाने दाबत बसला. "पण ती दर आठवड्याला उडायची ना."

मग तो रडला. वहिनी गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याला धरून त्या पायरीवर बसून राहिले आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या कामाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

अहवाल मी एका बैठकीत लिहिला. वैमानिकाची कोणतीही चूक नाही. तंत्रज्ञाने नियमापेक्षा जास्त वेळा, मर्यादेच्या खाली बॅटरी रिकामी करून तपासली, त्यामुळे ती आतून गळू लागली. शेवटी एक परिच्छेद मी स्वतःहून घातला. तंत्रज्ञाने याबाबत एका तज्ज्ञाचा सल्ला घेतला होता, सल्ला अपुरा होता, तज्ज्ञाचं नाव हेमांगी पांचाळ.

"हे लिहायलाच हवं का?" इनामदारांनी विचारलं.

"हवं."

त्यांनी अहवाल पुन्हा चाळला. "रोज निष्काळजी माणसं बघतो हो मी," म्हणाले. "हे कुठल्या रकान्यात घालू?" आणि सही करून निघून गेले.

त्यानंतर नियम बदलले. आता राखीव बॅटरीत मोजणी करणारा एक तुकडा असतो. मर्यादेला ती आपोआप थांबते, आणि कितीदा तपासली ते वैमानिकाच्या समोर दिसतं. गळती ओळखायला ती तीन दिवस तशीच ठेवून मग मोजतात. रक्ताच्या नात्यातलं माणूस उडवत असेल त्या विमानाला तंत्रज्ञाने हात लावायचा नाही, असाही एक नियम झाला. तो वाचून लोक हसले. काळजीवर बंदी, असं कुणीतरी लिहिलं. मी हसले नाही.

कंपनीने केतकीवर ठपका ठेवल्याबद्दल माफी मागितली. धावपट्टीवरच्या खोलीत तिचा फोटो लावला. दादाने त्याचा परवाना स्वतःच जाऊन परत केला. पुण्याला माझ्याकडे ये म्हणून मी खूप विनवलं, पण तो आंबेडोहलाच राहिला. सकाळी विमानं निघतात तेव्हा अंगणात उभा राहतो, परत येईपर्यंत उभाच असतो, असं शेजारची बाई सांगते. यंत्र मी आता दुसऱ्यांच्या हाती सोपवलं आहे.

अहवालानंतर दीडेक महिन्याने, एका दुपारी जेवून उठले आणि मला त्याची फार आठवण आली. काही विचार न करता फोन लावला. लावल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. बुधवार होता, अडीच वाजले होते. आता उचलायचा नाही, असं जुन्या सवयीने मनात आलं, आणि क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं.

दादाने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल, हेमे," म्हणाला. "मोकळाच हाय."